सांडव्यावर वाळूच्या गोण्या, आणि म्हणे हे धरणच नाही!

काल रात्री परत झोप नाही. साडेबाराला पावसाचा जोर वाढला तसा बॅटरी घेऊन नाल्यावर गेलो, तर गल्लीतले चौघं आधीच तिथं उभे. दर पावसाळ्याचा हा जागर.

गावाच्या वरच्या अंगाला एका पैसेवाल्यानं स्वतःच्या रानात नाला अडवून मातीचं धरण घातलंय. पाणी विकतो. उन्हाळ्यात टँकर, आणि रोडवरच्या प्लॉटवाल्यांना पाइपलाइन. मे महिन्यात आम्हीही त्याच्याच टँकरपुढे हंडे लावतो, म्हणून तर अर्ध्या गावाची तोंडं बंद!

पाणी जास्त साठावं म्हणून सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायच्या वाटेच्या, तोंडावर कमरेइतक्या वाळूच्या गोण्या रचल्यात. शिवाय मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी. जाळीत पाचोळा आणि प्लास्टिक गच्च. मग पूर आला की पाणी जाणार कुठून? भरावावरून! आणि मातीच्या भरावावरून पाणी एकदा वाहिलं की तो कापलाच जातो. वर मांडीएवढ्या बाभळी वाढल्यात त्या वेगळ्याच. पायथ्याला पाझर आहे. असतो, निवळ असेल तर एवढं घाबरायचं कारण नाही. पण परवा मी स्टीलच्या ग्लासात धरून ठेवलं, तर खाली मातीचा थर बसला. म्हणजे आतून भराव धुऊन चाललाय.

अर्ज घेऊन गेलो. पहिल्या टेबलावर, "हे आमच्याकडे येत नाही." दुसऱ्यावर, "खाजगी आहे ना?" तिसऱ्या साहेबांनी कायदाच काढला. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा. १५ मीटरपेक्षा उंच असेल तर धरण. १० ते १५ च्या मधलं असेल तर ५०० मीटर लांबी, नाहीतर १० लाख घनमीटर साठा, असं काहीतरी सोबत लागतं. "तुमचं तर नऊच मीटर." झालं! पावसाळ्याआधीची तपासणी नाही, नंतरची नाही, फुटलं तर कोणी कुणाला उठवायचं याचा आराखडा नाही.

अहो, १० लाख घनमीटर म्हणजे दहा हजार लिटरचे एक लाख टँकर. त्याचा दहावा हिस्सा जरी रात्री दोनला गल्लीत घुसला, तर आम्ही टेप घेऊन उंची मोजत बसायचं का? धोक्याचा वर्ग ठरवताना खाली माणसं किती राहतात ते बघतात म्हणे. पण त्या वर्गात बसायला आधी धरण ठरावं लागतं. शाळेत नावच नाही तर नापास तरी कोण करणार?

बरं, कायद्यात उंची पायाच्या तळापासून मोजायची आहे. हा पाया कोणी पाहिलाय? साहेब म्हणाले, मालकाला विचारा. मालक म्हणतो, "काही व्हत नही रे भो! बारा वर्षं झाली, हललं का?"

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूणकडचं तिवरे धरण फुटलं. ते तर सरकारी होतं, तरी मंत्र्यांनी भिंत पोखरली म्हणून खेकड्यांवर ढकललं. इथं खेकडेही खाजगी निघतील. आणि २०२१ च्या ऑगस्टअखेर चाळीसगावात तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी घराघरांत शिरलं, ते काय लांबचं आहे?

आज सकाळी आम्ही पाच जणांनी मिळून गोण्या काढल्या. दुपारी त्याच्या माणसानं परत रचल्या. या वेळी एक थर जास्त.