‘एकच ध्येय ठेवा, बाकीचं आपोआप होईल’: नाही, होत नाही

व्यवस्थापनावरचा एक संदेश सध्या खूप फिरतोय. त्याचा सारांश असा: चांगल्या संस्थेचं एका वेळी एकच ध्येय असतं, एकच आकडा असतो, समतोल साधत बसणारा प्रमुख निर्णय टाळत असतो, पटत नसेल तर अल्कोआ ही अमेरिकी अ‍ॅल्युमिनियम कंपनी बघा. संस्था चालवण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत. या सल्ल्याने झालेलं नुकसान मी पाहिलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘एकच आकडा दिला की सगळे एका दिशेने धावतात.’ धावतात, पण आकड्याच्या दिशेने. अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहकामागे आठ सेवा विकण्याचा ध्यास घेतला. दबावाखालच्या कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला. तोवर सुमारे ५,३०० जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या.

याचंच छोटं रूप मी जवळून पाहिलं. आमच्याकडे एक वर्ष ‘माल वेळेत पोहोचला पाहिजे’ हे एकच ध्येय होतं. यंत्राशेजारी खिळ्याला देखभालीची वही टांगलेली असायची. सुरुवातीला दर शनिवारची नोंद, वेळ, सही. मग ‘पुढच्या आठवड्यात’ असा शेरा. मग नुसती तारीख. मग कोरी पानं. यंत्र बंद पडलं त्या दिवशीही वही तिथेच लटकत होती. यंत्रावरचा कारागीर आळशी नव्हता. त्याला जे रोज विचारलं जायचं, ते तो करत होता. देखभालीचं कोणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

‘अल्कोआ बघा.’ पॉल ओ’नील १९८७ मध्ये अल्कोआचे प्रमुख झाले आणि गुंतवणूकदारांसमोर पहिल्यांदा बोलले ते कामगारांच्या सुरक्षिततेबद्दल, हे खरंच. पण म्हणून दर्जा आणि खर्च वाऱ्यावर सोडले नव्हते. अपघात का झाला हे शोधायला गेलं की कामाची पद्धतच उलगडते; ते ध्येय बाकीच्यांना सोबत ओढत होतं. असा धागा प्रत्येक संस्थेत सापडेलच असं नाही.

‘दोन गोष्टी एकाच वेळी जास्तीत जास्त वाढवता येत नाहीत.’ हा त्यातला सर्वांत भक्कम मुद्दा. मायकेल जेन्सन यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञानेही तो मांडलाय. गणित म्हणून बरोबर आहे. पण संस्थेत सगळंच जास्तीत जास्त वाढवायचं नसतं. संस्था निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक हर्बर्ट सायमन यांनी १९६४ मध्येच दाखवलं की संस्थेची बरीचशी ध्येयं प्रत्यक्षात अटी असतात: खर्च याच्या वर नको, दर्जा याच्या खाली नको. या अटींत बसेल तो निर्णय. म्हणून एक गोष्ट पुढे न्यायची तर खुशाल न्या, पण आधी बाकीच्यांची किमान पातळी लिहून काढा. देखभाल किती दिवसांनी होणारच, सलग जादा पाळ्या किती, आणि हे मोडलं तर कोणाला कळवायचं.

‘समतोल म्हणजे निर्णय टाळणं.’ ‘दोन्ही महत्त्वाचं आहे’ असं सांगून मोकळा होणारा आणि ओढाताण खालच्या माणसावर ढकलणारा प्रमुख असतो. त्याच्याबद्दलची तक्रार रास्त आहे. पण त्याला समतोल म्हणू नका. समतोल साधणारा भर बैठकीत सांगतो: या महिन्यात नवी ऑर्डर घ्यायची नाही, कारण प्रशिक्षण दोनदा पुढे ढकललंय, ग्राहकाशी मी बोलतो. काय सोडलं, कधीपर्यंत सोडलं आणि त्याची बोलणी कोण खाणार, हे तिन्ही त्यात ठरलेलं असतं. याहून कठीण निर्णय मला तरी माहीत नाही.

यंत्राच्या बाबतीत आम्ही शेवटी हेच केलं. महिन्यातला एक दिवस वेळापत्रकातूनच काढून देखभालीला दिला. त्या आठवड्यात माल एक दिवस उशिरा जातो, आणि तसं ग्राहकांना महिन्याच्या सुरुवातीलाच कळवलेलं असतं.