पाळी आली की खाज थांबते, पण बुरशी जात नाही

गोव्यात फोंडा-डिचोलीकडच्या बायकांच्या गटांतून सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. भजनी मंडळ, बचतगट, माहेरच्या बहिणी, सगळीकडे तोच. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: पाळीच्या आधी आठवडाभर खाली खाज सुटते, दह्यासारखं पांढरं जातं, ती अंगातली उष्णता. पाळी आली की सगळं धुऊन निघतं, म्हणून डॉक्टरची गरज नाही. लसणाची पाकळी किंवा दही आत ठेवा. साखर आणि पाव बंद करा. पाळीत कसलंच औषध घेऊ नका. एवढं करूनही थांबलं नाही, तर नवऱ्याचं वागणं तपासा.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या बायकांवर माझा राग नाही. ज्या त्रासाबद्दल घरात चकार शब्द काढता येत नाही, त्यावर कुणीतरी बोललं, म्हणून त्यांनी तो पाठवला. राग आहे तो त्यातल्या सल्ल्यावर. एक खरी गोष्ट पुढे करून तिच्या आडून कितीतरी खोट्या खपवल्या आहेत.

खरी गोष्ट ही, की पाळीच्या आधी त्रास वाढतो आणि पाळी सुरू झाली की बऱ्याच जणींचा कमी होतो. हे डॉक्टरही मानतात. कॅन्डिडा अल्बिकन्स नावाची बुरशी कितीतरी निरोगी बायकांच्या योनीत थोड्या प्रमाणात असतेच, आणि काही त्रास देत नाही. इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे योनीच्या आतल्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं. ते बुरशीला पोसतं, आणि तिला अस्तराला चिकटून राहणंही सोपं जातं. म्हणून पाळीच्या आधीच्या दिवसांत ती जोर धरते. पाळी आली की संप्रेरकं उतरलेली असतात, शिवाय रक्तामुळे आतली आम्लता कमी होते. एरवी योनीचा सामू (पीएच, जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.८ ते ४.५ असतो, रक्ताचा ७.४ च्या आसपास. एवढ्या बदलात बुरशी मंदावते. धुऊन मात्र जात नाही. पुढच्या महिन्यात त्याच सुमाराला ती पुन्हा डोकं वर काढते. याच संप्रेरकामुळे गर्भारपणात हा त्रास जास्त होतो, आणि पाळी सुरू न झालेल्या मुलींना किंवा पाळी गेलेल्या बायकांना फारसा होत नाही. त्या वयात खाज असेल तर कारण बहुधा दुसरंच निघतं, आणि ते शोधावं लागतं.

उष्णतेचं म्हणाल, तर कोकमाचं सरबत जरूर प्या. पण योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात. त्यांना सरबताने काही होत नाही.

"डॉक्टरची गरज नाही, पाळीची वाट बघा." हा या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग. वाट बघायची म्हणजे काय, तर रात्र रात्र खाजवायचं, कातडी सोलवटून घ्यायची, लघवीला बसलं की डोळ्यांत पाणी येईपर्यंत आग सोसायची. गणेशचवथीला पाळी नको म्हणून आपल्याकडे कितीतरी जणी ती पुढे ढकलायची गोळी घेतात. मग ही वाटही तितकीच लांबते, आणि ऐन सणात गणपतीवर फळांची माटोळी बांधताना, पंचखाद्य करताना बाई हे सगळं निमूट अंगावर काढते.

दुसरं म्हणजे, पांढरं गेलं की बुरशीच, असं नसतं. दोन पाळ्यांच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्यासारखं, तार सुटणारं पाणी जातं, ते शरीराचं रोजचं काम. त्याला औषध नको. बुरशीत दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट जातं, वास फारसा नसतो आणि खाज पुष्कळ असते. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास असेल तर तो बहुधा जिवाणूंचा बिघाड, आणि तो बऱ्याचदा पाळीच्या वेळी किंवा नंतर वाढतो. हिरवट-पिवळं, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा परजीवी, असू शकतो. तिघांची औषधं निराळी. आपल्याला बुरशीच झालीय असं समजून स्वतःच औषध आणणाऱ्या बायकांची २००२ साली अमेरिकेत तपासणी झाली, तेव्हा जेमतेम एक तृतीयांश जणींना नुसती बुरशी निघाली.

आणि दुकानातून काय आणलं जातं? फार्मसीत मागे चार गिऱ्हाइकं उभी. बाई हळूच म्हणते, "खाजेचं मलम द्या." खाज कुठे, ते ती सांगत नाही. तिला तीन-चार औषधं एकत्र असलेली ट्यूब मिळते. त्या ट्यूबवरचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासॉल लिहिलं असेल तर ते तीव्र स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज दबते, बाईला हायसं वाटतं. बुरशी मात्र आत तशीच राहते आणि नाजूक जागेची कातडी पातळ होत जाते.

लसूण आणि दही: लसणाने आतलं अस्तर भाजतं. दही जेवणात खा, आत घालू नका. त्यात इतर जंतूही असतात, आणि त्याने बुरशी बरी होते याला धड पुरावा नाही. जंतुनाशकाच्या पाण्याने आतून धुणंही नको, त्यात राखण करणारे चांगले जिवाणूच आधी मरतात. बाहेरून साधं पाणी पुरतं.

"साखर आणि पाव बंद." पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, उंड्यांना आणि तांदळाच्या सान्नांना यात उगाच ओढलंय. पावातलं खमीर वेगळ्या जातीचं, आणि ते भट्टीत मरतं. माडाच्या सुरेने फुगवलेली सान्नांही वाफेवर शिजतात. चहातली साखर सोडल्याने ही बुरशी उपाशी मरत नाही. पण रक्तातली साखर हाताबाहेर गेली असेल, तर बुरशी पुन्हा पुन्हा होते, हे पक्कं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची जी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात मधुमेहाचं प्रमाण देशात सर्वांत जास्त गोव्यात निघालं, २६.४ टक्के. त्यामुळे खाज वारंवार येत असेल तर उंडा सोडण्याआधी रक्त तपासा. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्यांनीही बुरशी वाढू शकते. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतरही असं होतं.

पाळीत औषधाबद्दल: एकदाच आत ठेवायची ५०० मिलिग्रॅम क्लोट्रिमाझोल या बुरशीच्या औषधाची गोळी शक्यतो पाळीबाहेर वापरतात, कारण ती रक्ताबरोबर निघून जाऊ शकते. आठवड्याचा कोर्स चालू असताना पाळी आली तर तो अर्धवट सोडू नका, फक्त टॅम्पॉन नको. तोंडाने घ्यायच्या १५० मिलिग्रॅम फ्लुकोनाझोल या बुरशीच्याच गोळीचा पाळीशी संबंध नाही. गर्भार बाईने मात्र ती घेऊ नये. तिला सात दिवस आत ठेवायचं औषध देतात.

राहिला नवरा. याच एका ओळीने घरं जळतात. बुरशी हा शरीरसंबंधातून पसरणाऱ्या आजारांमध्ये धरत नाहीत. ज्या बाईचा कधी संबंधच आलेला नाही, तिलाही ती होते. नवऱ्याला लाली किंवा खाज असेल तर त्याला औषध द्यावं, एरवी त्याला उपचाराची गरज नसते. ट्रायकोमोनासमध्ये दोघांनाही औषध लागतं, म्हणून तर आधी तपासणी हवी. नुसत्या खाजेवरून ना नवऱ्यावर संशय घ्या, ना सुनेला "हिचंच काहीतरी असेल" म्हणून हिणवा.

वर्षात तीन किंवा जास्त वेळा असं झालं, तर दर वेळी एक गोळी घेऊन गप्प बसू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात, म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) स्त्रीरोग विभागात जा. स्राव तपासायला द्या, साखर बघा. बुरशीच निघाली तर आठवड्याला फ्लुकोनाझोलची एक गोळी असा सहा महिन्यांचा उपचार आहे. आणि पांढऱ्याबरोबर ओटीपोटात दुखत असेल, ताप असेल, किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त दिसलं असेल, तर त्याच दिवशी जा.