वाचनालयाला कॉपीराइट लागत नाही? त्या मेसेजला उत्तर

विदर्भातल्या वाचनालयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे. सार असं: सार्वजनिक वाचनालयांना कॉपीराइट लागू नाही, एकाने पुस्तक घ्यावं, स्कॅन करावं आणि पीडीएफ तालुकाभर द्यावी, दिल्ली हायकोर्टानेही हे मान्य केलंय, लेखक वारला की पुस्तक मोकळं, शिवाय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या केंद्र सरकारच्या योजनेमुळे जर्नल्स म्हणजे संशोधन-नियतकालिकंही फुकट. अनुदानाची वाट पाहणाऱ्या ‘ड’ वर्ग, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या, वाचनालयाला हे वाचून हायसं वाटलं तर नवल नाही. पण यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

सूट आहे, पण मोजकी. कॉपीराइट कायदा 1957चा, त्यातलं कलम 52 बघा. 2012च्या दुरुस्तीने बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असलेलं पुस्तक जतनासाठी इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येतं. वाशीमच्या वाचनालयाने जपून ठेवायला केलेली स्कॅन प्रत मंगरूळपीरच्या ग्रुपवर टाकली, की तो मामला जतनाचा राहत नाही, वाटपाचा होतो. दुसरी सूट भारतात विकत मिळत नसलेल्या पुस्तकाची: जास्तीत जास्त तीन प्रती, त्याही त्याच वाचनालयाच्या वापरासाठी. आणि ग्रुपवर फिरतं काय? पोलीस भरती आणि एमपीएससीची पुस्तकं! ती तर तालुक्याच्या दुकानात मिळतात. जाणूनबुजून केलेल्या भंगाला कलम 63खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. नफ्यासाठी केलं नसेल तर कोर्ट कारण नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. गुन्हा मात्र राहतोच.

गंमत म्हणजे खऱ्या उपयोगाची सूट मेसेजमध्ये नाहीच. दृष्टिहीन वाचकाला वापरता येईल अशा स्वरूपात प्रत करून विनानफा देता येते.

दिल्ली हायकोर्टाचा 2016चा निकाल झेरॉक्स केलेल्या अभ्यास-संचांबद्दल होता. आधार होता शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या अध्यापनासाठीच्या सवलतीचा. आपली अभ्यासिका म्हणजे वर्ग नव्हे.

‘लेखक वारला की मोकळं’ हेही अर्धवट. मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, आणि ती पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजायची. बाबासाहेब 1956 साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन 2017 पासून मुक्त. पण शासनाने 1979 पासून काढलेल्या खंडांत जे पहिल्यांदाच छापलं गेलं, त्याची 60 वर्षं छपाईपासून चालतात. मराठी अनुवादाचा हक्क अनुवादकाचा, त्याचा हिशेब निराळा. तुकडोजी महाराज 1968 साली गेले. कायद्याच्या हिशेबाने मुदत 2028 अखेरपर्यंत.

‘वन नेशन’ योजना 2025 पासून सुरू झाली, ती सरकारी उच्च शिक्षणसंस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. गावच्या वाचनालयाचा त्यात समावेश नाही, आणि कॉलेजातल्या ओळखीच्या सरांचा पासवर्ड वापरणं हा परवान्याचा भंग आहे.

राहिला तांत्रिक भाग. ‘पीडीएफ पाठवली की झालं’ म्हणणाऱ्याने स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये एक शब्द शोधून दाखवावा. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, झालेलं नसेल तर ती नुसती पानांची चित्रं. खरी अडचण त्याहून आधीची आहे: अनेक वाचनालयांच्या पुस्तकयाद्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या आहेत, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांचा काला होतो. याद्या युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत हव्यात, रकाने सगळ्यांचे सारखे हवेत. कोहा हे ग्रंथालयांसाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. मार्क 21 या पुस्तक-नोंदींच्या ठरलेल्या स्वरूपात काढलेली यादी त्यात सरळ घेता येते. डब्लिन कोअर या नोंदींच्या दुसऱ्या साध्या पद्धतीच्या 15 घटकांत तर ‘हक्क’ असा स्वतंत्र रकाना आहे. पुस्तक मुक्त आहे, परवानगीने दिलंय की फक्त जतनासाठी ठेवलंय, हे तिथे लिहायचं.

अशी यादी तालुकाभर खुशाल फिरवा, तिला कोणाची हरकत नाही. विकत घेतलेली छापील प्रत दुसऱ्या वाचनालयाला वाचायला देण्यावरही कॉपीराइटची बंदी नाही. एसटीने जाणाऱ्या एखाद्या सभासदाच्या हाती ती पाठवता येते.