तलावपाळीवर वजनाच्या इंजेक्शनवरून पेटलेला वाद

रविवारी संध्याकाळी ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर आम्ही नेहमीचे पाच जण होतो आणि विषय निघाला संदीपमुळे. त्याला शुगर नाही, पण वजन 108 किलो, गुडघे बोलायला लागलेत, आणि डॉक्टरने आठवड्यातून एकदा घ्यायचं ते इंजेक्शन सुचवलंय. एवढं ऐकलं आणि निल्या सुटलाच, "अरे सकाळी उठून उपवन तलावाला चकरा मार ना, पोटात सुया कसल्या टोचून घेतोस, सगळा शॉर्टकट आहे हा!"

हे मला अजिबात सहन होत नाही. संदीपने काय केलं नाही? जिम झालं, भात सोडून झाला, दरवेळी आठ-दहा किलो उतरले आणि परत चढले. वजन उतरलं की शरीरच भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च कमी करतं, हे इतकं माहीत असून आपण जाड माणसाला आळशी म्हणून मोकळे होतो, आणि बीपीची गोळी घेणाऱ्याला मात्र कोणी शॉर्टकट म्हणत नाही.

वैशाली मेडिकलमध्ये काउंटरला असते, तिने नीट सांगितलं. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-1 नावाचं हार्मोन सुटतं, पोट भरलं हा निरोप ते मेंदूला देतं, पण दोन-तीन मिनिटांतच मोडून जातं. या इंजेक्शनांतलं सेमाग्लुटाइड नावाचं औषध त्याच्यासारखंच काम करतं, पण आठवडाभर टिकतं. मौंजारो या ब्रँडच्या इंजेक्शनमधलं टिर्झेपटाइड हे औषध त्याच्या जोडीला आणखी एका हार्मोनचं काम करतं. पोट सावकाश रिकामं होतं, भूकच कमी लागते.

"पण हे डायबिटीसवाल्यांचं औषध ना?" निल्याचा पुढचा मुद्दा. मूळचं तिकडचंच, पण डायबिटीस नसलेल्यांवर वेगळी ट्रायल झालीय, 2021 ची, 1961 माणसं, 68 आठवडे. सेमाग्लुटाइडवाल्यांचं सरासरी 14.9 टक्के वजन उतरलं, औषध नसलेलं नुसतं खोटं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के, आणि डायट-व्यायामाचा सल्ला दोन्हीकडे होता बरं का. म्हणजे निल्या म्हणतो तो उपाय दोघांनीही केला होता. संदीपच्या हिशेबात हे साधारण 16 किलो होतात.

खरा प्रश्न मन्याने काढला, बंद केल्यावर काय? इथे सगळे गप्प, कारण उत्तर गोड नाही. त्याच ट्रायलमधल्या काही लोकांना पुढे वर्षभर बघितलं तर औषध थांबवल्यावर उतरलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं होतं. म्हणजे हा तीन महिन्यांचा कोर्स नाही, लांबचं औषध आहे, आणि माझं म्हणणं एवढंच की पहिली सुई टोचण्याआधी हे घरात बसून बोला. मार्च 2025 ला मौंजारो आपल्याकडे आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची बाटली 3500 रुपयांना होती, आत जेमतेम अर्धा एमएल औषध, आणि महिन्याला अशा चार, कर्जाचा हप्ता असलेल्या घरात हे कुठून आणायचं? सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च 2026 पर्यंतचंच, त्यामुळे भाव उतरणार हे खरं, पण स्वस्त झालं की लोक चिठ्ठीशिवाय मागायला लागणार ही वैशालीची भीती मलाही पटते. एक मुलगी आली होती तिच्याकडे, दोन महिन्यांवर लग्न, पाच किलो उतरवायचेत, चिठ्ठी नाही. वैशालीने सरळ नाही सांगितलं आणि चांगलं केलं. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे तर बऱ्याच जणांना होतं, पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. डोस महिन्या-महिन्याने हळू वाढवतात तो उगाच नाही. आणि चरबीबरोबर स्नायूही जातो, त्यामुळे कमी भुकेत आधी डाळ, अंडं, पनीर, मासा पोटात जायला हवा आणि वजनं उचलायचा व्यायाम हवाच, इथे निल्याचं म्हणणं मान्य.

वैशालीने शेवटी विचारलं, घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर झालाय का, त्यातल्या मेड्युलरी नावाच्या प्रकारात हे औषध देत नाहीत. संदीप दचकला, त्याच्या मामाचं थायरॉइडचं ऑपरेशन झालं होतं. तिथूनच आईला फोन लावला, तिला काही आठवेना, फाइल मामीकडे डोंबिवलीला आहे. आता ती फाइल डॉक्टरला दाखवल्याशिवाय इंजेक्शन सुरू करायचं नाही, यावर मात्र निल्यासकट आमचं सगळ्यांचं एकमत झालं.