डिरेक्टरीतही नंबर छापलेला असायचाच, मग आता भीती कसली?

सध्या एक संदेश खूप फिरतो आहे: ‘पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीत प्रत्येकाचं नाव, पत्ता, नंबर छापलेला असायचा, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही. ओटीपी सांगितला नाही तर नुसत्या नंबरावर कुणी काही करू शकत नाही. प्रोफाइल प्रायव्हेट ठेवलं की झालं. तरीही नंबर दिसलाच तर गूगलवरून काढून टाकता येतो.’ चारही वाक्यं चटकन पटतात आणि चारही दिशाभूल करतात.

आधी डिरेक्टरी. ती आडनावांच्या क्रमाने लावलेली असे. आडनाव ठाऊक असेल तर नंबर सापडे, पण नंबरावरून नाव काढायचं तर अख्खं पुस्तक चाळावं लागे. ती एका शहरापुरती किंवा जिल्ह्यापुरती असे, नंबर घराचा असे आणि घर बदललं की बहुधा तोही बदले. मोबाइल नंबर मात्र वर्षानुवर्षं तोच राहतो. बँक, ईमेल, चॅट, खरेदी, दवाखाना, सगळीकडे तोच दिलेला असतो. समजा, जुनी सायकल विकायच्या जाहिरातीत तुमचा नंबर आणि भागाचं नाव आहे. एखाद्या मंडळाच्या सभासद यादीच्या पीडीएफमध्ये त्याच नंबरापुढे पूर्ण नाव आणि घराचा पत्ता आहे. चॅट अ‍ॅपवर त्या नंबराला तुमचा फोटो आहे. तिन्ही ठिकाणची माहिती एकेकटी किरकोळ. नंबर सर्चमध्ये टाकला की दोन मिनिटांत चेहरा, नाव आणि दार एकत्र मिळतं. डिरेक्टरीत हे शक्यच नव्हतं.

छापणं आणि शोधता येणं यातला हा फरक युरोपीय संघाच्या न्यायालयानेही मान्य केला आहे. स्पेनमधल्या एका वृत्तपत्रात १९९८ साली मालमत्तेच्या लिलावाची सूचना रीतसर छापून आली होती. पुढे त्या माणसाचं नाव गूगलवर टाकलं की तीच समोर येऊ लागली. १३ मे २०१४ च्या निकालाने वृत्तपत्रातला मजकूर तसाच राहिला, पण मूळ प्रसिद्धी कायदेशीर असली तरी नावाने शोधल्यावर येणाऱ्या निकालांतून दुवा काढण्याची जबाबदारी सर्च इंजिनावर येऊ शकते, हे स्पष्ट झालं.

‘ओटीपी दिला नाही तर काही होत नाही’ हे अर्धंच खरं. एसएमएसचा ओटीपी त्या नंबरावरच येतो, म्हणून नंबर हेच लक्ष्य असतं. नाव, पत्ता आणि जन्मतारीख हाती असली की भामटा कंपनीला तुमच्या नावाने फोन करून ‘सिम हरवलं, नवीन द्या’ म्हणतो. ते त्याला मिळालं की तुमच्या फोनची रेंज जाते आणि ओटीपी त्याच्याकडे जातात. सिमला लावलेला पिन इथे उपयोगी नाही. तो फक्त चोरीला गेलेल्या कार्डाचं रक्षण करतो. महत्त्वाच्या खात्यांना शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनमध्येच कोड बनवणारं) किंवा पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या लॉकने उघडणारी किल्ली) लावा. शिवाय सगळं नुकसान पैशांचंच नसतं. पाठलाग करणाऱ्याला ओटीपी लागत नाही, पत्ता पुरतो.

‘प्रोफाइल प्रायव्हेट’ आणि ‘नंबरावरून मला कोण शोधू शकतं’ या बहुतेक अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या सेटिंग असतात. प्रोफाइल झाकलं पण नंबरावरून शोधणं उघडं ठेवलं तर काय होतं, ते फेसबुकच्या बाबतीत दिसलं. कॉन्टॅक्ट जुळवून देण्याच्या सोयीत नंबरांच्या याद्याच्या याद्या टाकून कोणता नंबर कुणाचा हे २०१९ मध्ये गोळा केलं गेलं, आणि एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या सुमारे ५३ कोटी ३० लाख खात्यांची ती माहिती फुकट फिरू लागली. टेलिग्राममध्ये प्रायव्हसीच्या पानावर फोन नंबर ‘कुणालाच दिसू नये’ असं निवडल्यावर खाली दुसरा प्रश्न उघडतो. तिथे ‘फक्त माझे कॉन्टॅक्ट’ निवडल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. आणि तुम्ही कुठेच नंबर टाकला नसेल, तरी ओळखीच्या कुणी आपली फोनबुक एखाद्या अ‍ॅपला दिली की तुमचं नाव-नंबर तिथे पोचतंच.

आता ‘गूगलवरून काढा’. इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. गूगल सूची ठेवतं, पान दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतं. सूचीतून नोंद गेली तरी पान उघडतं आणि बिंगसारख्या दुसऱ्या सर्च इंजिनावर सापडतं. म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी ब्राउझरच्या प्रायव्हेट (इन्कॉग्निटो) विंडोत नंबर अवतरणचिन्हांत टाकून शोधा: देशाच्या कोडसह, कोडशिवाय, सलग, मध्ये जागा सोडून, मध्ये आडवी रेघ देऊन. मराठी पानांवर तो देवनागरी आकड्यांत असू शकतो, तसाही शोधा. सापडलेल्या प्रत्येक पानाचा पूर्ण पत्ता आणि तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा, मग साइटच्या मालकाला लिहा. मालक पुष्कळदा पीडीएफमध्ये नंबरावर काळी पट्टी ओढतात. खालचा मजकूर तसाच राहतो, कॉपी-पेस्ट केला की बाहेर येतो. नंबर मूळ फायलीतून खोडून नवीन पीडीएफ बनवायला सांगा.

मालकांची दुसरी चूक म्हणजे रोबॉट्स फायलीत, म्हणजे सर्च इंजिनांनी कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या साइटवरच्या फायलीत, ते पान अडवणं. त्याने क्रॉलर (सर्च इंजिनासाठी पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) पानापर्यंत पोचतच नाही, त्यामुळे पानावरची ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘हे पान सूचीत घेऊ नका’ ही सूचनाही वाचत नाही, आणि पत्ता निकालांत राहू शकतो. पान उघडं ठेवून नोइंडेक्स लावावं; पीडीएफमध्ये ही सूचना लिहायला वेब पानासारखा मेटा टॅग नसतो, तिथे ती सर्व्हर फायलीसोबत पाठवतो त्या हेडरमधून द्यावी लागते. सर्वांत बरं, पानच काढून सर्व्हरने ४०४ (‘सापडलं नाही’) किंवा ४१० (‘कायमचं काढलं’) असं उत्तर देणं.

मूळ बदल झाल्यावर गूगलच्या ‘जुना मजकूर ताजा करा’ या सोयीत पानाचा पत्ता द्या. पान अजून असेल, फक्त नंबर गेला असेल, तर पूर्वी होता आणि आता नाही असा शब्द तिथे विचारतात. तो तुमचा नंबरच. मालक दाद देत नसेल तर फोन, ईमेल किंवा घराचा पत्ता दाखवणारे निकाल काढण्याची विनंती २०२२ पासून थेट गूगलकडे करता येते. बिंगची विनंती वेगळी करावी लागते आणि वेब पानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हमधल्या प्रतीसाठी त्यांना वेगळं ईमेल पाठवावं लागतं.

लोकांची माहिती विकणाऱ्या साइटना नोंद काढायला सांगितलं तर त्या ओळखपत्र मागतील. अगदीच द्यावं लागलं तर फोटो आणि क्रमांक झाकूनच द्या. या साइट नव्याने याद्या विकत घेत राहतात, त्यामुळे काढलेली नोंद काही महिन्यांनी परत येऊ शकते. विनंतीची तारीख लिहून ठेवा आणि तोच शोध पुन्हा चालवा.