घोस्ट केलं म्हणे!

परवा इंदूरच्या रामबागेतून भाजी घेऊन येताना भाची रडवेल्या आवाजात म्हणाली, "मावशी, त्याने मला घोस्ट केलं." मी हादरलेच. वाटलं, मुलगा गेला की काय! तर तो ठणठणीत, सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस हाणतोय. फक्त हिच्या मेसेजला उत्तर देत नाही. मग टाळतोय म्हण ना!

आमच्या इंदुरी मराठीत हिंदी पूर्वीच घुसलीय, त्याबद्दल तक्रार नाही. (मीसुद्धा भाऊला 'भिया' म्हणतेच.) पण जिथे तिथे 'इग्नोर मार', 'रिजेक्ट झालं'? अहो, अर्ज फेटाळतात, मागणी धुडकावतात, हक्काच्या माणसाला डावलतात, दारी आलेल्याला झिडकारतात, लाडक्याच्या चुकीकडे कानाडोळा करतात. आणि साफ नकार द्यायचा तर वाटाण्याच्या अक्षता! प्रत्येकात अपमानाचं माप वेगळं. 'रिजेक्ट'मध्ये सगळं एकाच पातेल्यात.

इंग्रजीला नावं ठेवत नाही हं. 'बॉयकॉट' घ्या. १८८० साली आयर्लंडमध्ये एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉटशी लोकांनी व्यवहार तोडले. पिकं काढायला मजूर मिळेनात. त्याच्या आडनावाचं क्रियापदच झालं! आपलं 'वाळीत टाकणं' त्याहून जुनं, आणि त्याहून क्रूर.

हे सगळं भाचीला तावातावाने ऐकवलं. फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली, "हं."

याला काय म्हणतात म्हणे इंग्रजीत?