थेट प्रक्षेपणाचा मृत्युलेख लिहिण्याची घाई

‘थेट टीव्ही संपल्यात जमा आहे, प्रेक्षक आता हवे ते हवे तेव्हा पाहतो, त्याला वेळापत्रक नको आणि जाहिरातीही नकोत, त्यामुळे प्रक्षेपणाचे मनोरे आता निरुपयोगी ठरले आहेत,’ असे सांगणारा मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. पुरावा म्हणून नीलसन या मापन संस्थेची नोंद दिली जाते: अमेरिकेत मे २०२५ मध्ये टीव्ही पाहण्याच्या एकूण वेळेपैकी ४४.८ टक्के वाटा स्ट्रीमिंगचा, म्हणजे इंटरनेटवरून पाहण्याचा, होता आणि केबल व प्रसारण वाहिन्यांच्या एकत्रित वाट्याला त्याने प्रथमच मागे टाकले. आकडा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

कार्यक्रम कोणत्या मार्गाने घरात आला, एवढेच ही नोंद सांगते. तो घडत असताना पाहिला की सवडीने, हे तिच्यातून कळत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर झालेली माइक टायसन आणि जेक पॉल यांची मुष्टियुद्धाची लढत त्याच क्षणी पाहणारा प्रेक्षकही स्ट्रीमिंगच्याच खात्यात मोजला जातो. २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एकाच वेळी पाहणाऱ्यांची संख्या ५.९ कोटींवर गेली होती, आणि त्यांतील कोणीही तो ‘सवडीने’ पाहत नव्हते. थेट पाहणे खरोखर संपत आले असते, तर डब्ल्यूडब्ल्यूई रॉ या कुस्तीच्या साप्ताहिक थेट कार्यक्रमासाठी नेटफ्लिक्सने दहा वर्षांचा, सुमारे ५ अब्ज डॉलरचा करार केला नसता.

वेळापत्रकाविषयीचे विधान अर्धे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे. आधीच चित्रित झालेली मालिका ठरावीक वेळेलाच पाहण्याचे बंधन आता कोणी स्वीकारत नाही. पण हे बंधन सैल होण्याची सुरुवात सोनीचे बेटामॅक्स हे टीव्हीवरचा कार्यक्रम घरी मुद्रित करून ठेवणारे यंत्र १९७५ मध्ये बाजारात आले तेव्हाच झाली होती. दुसरीकडे, प्लूटो टीव्हीसारख्या सेवा इंटरनेटवरूनच वेळापत्रकाने चालणाऱ्या वाहिन्या पुरवतात, कारण दर वेळी निवड करत बसणे प्रत्येकाला नको असते. माझ्या मते खरा बदल वेगळाच आहे: थेट पाहण्याचा परीघ आकसला आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या १०० प्रसारणांपैकी ९३ एनएफएल या अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे सामने होते. वाहिन्यांनी चिंता करावी ती या एकसुरीपणाची.

जाहिरातींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नेटफ्लिक्सने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त योजना आणली, तेव्हाच तो दावा मागे पडला.

सर्वांत घातक विधान मनोऱ्यांविषयीचे आहे. मनोऱ्यावरून निघालेला एकच संकेत त्याच्या टप्प्यातील कितीही संच पकडू शकतात. प्रेक्षक दुप्पट झाले तरी मनोऱ्यावरचा भार तसूभरही वाढत नाही. इंटरनेटवर मात्र सर्वसाधारणपणे प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह पाठवावा लागतो, आणि म्हणूनच लाखो लोक एकाच क्षणी येतात तेव्हा व्यवस्थेवर ताण येतो. टायसन-पॉल लढतीच्या वेळी चित्र अडखळत असल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, हे याचेच उदाहरण होय. शिवाय इंटरनेटवरून तुकड्यातुकड्यांनी येणारे चित्र बहुधा प्रक्षेपणापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे असते. मालिकेसाठी हा विलंब क्षुल्लक असला तरी सामन्यासाठी तो क्षुल्लक नाही.

हा वाद केवळ आवडीनिवडीचा राहिलेला नाही. स्वित्झर्लंडमधील सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१९ मध्ये आपले मनोऱ्यांवरचे टीव्ही प्रक्षेपण बंद केले, आणि ब्रिटनमध्ये २०३४ नंतर ते चालू ठेवावे की नाही यावर चर्चा झाली आहे. असे निर्णय घेताना मार्ग आणि सवय यांतील फरक गाळलेला आकडा समोर ठेवला, तर वेगवान इंटरनेटचे मासिक शुल्क ज्यांना परवडत नाही आणि ज्यांच्यासाठी साधी अँटेना हाच बातम्यांचा व आपत्तीच्या सूचनांचा मार्ग आहे, त्यांचा टीव्ही आधी बंद पडेल.